साठ बाप आणि एक बिनसहीचा अर्ज

चहा मिळाला ना सगळ्यांना? मग नीट बसा. माझ्या हातून आयुष्यात बरेच घोटाळे झालेत, पण ज्याची पाहणी करायला खुद्द तलाठी डोंगर उतरून आला, असा घोटाळा हा एकच. आणि मध्येच कुणी ‘छे, असं कुठे होतं का?’ म्हणायचं नाही. झालंय. मी स्वतः केलंय.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आम्ही अंबरनाथला राहायचो, पत्र्याच्या चाळीत, कारखान्याच्या भिंतीला अगदी लागून. बाबा त्याच कारखान्यात फिटर होते. बत्तीस वर्षं! तेव्हा आमच्या भागात घड्याळाकडे कुणी बघायचंच नाही, कारण भोंगा होता. सकाळी भोंगा, दुपारी भोंगा, रात्री पाळी बदलली की पुन्हा भोंगा. आमची आई तर भात शिजायला ठेवायची तोही भोंग्याच्या हिशोबाने. पाहुणे आले की पहिल्या भोंग्याला ताडकन उठून उभे राहायचे. आम्ही मात्र घास चावत राहायचो.

बाबा रिटायर होणार होते एप्रिलच्या शेवटी. मी चोवीस वर्षांचा, नुकताच एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागलेला. खिळा द्यायचा तरी चिठ्ठी मागायचो, चिठ्ठीवर सही मागायचो. सगळे मला ‘पक्या’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘पावती’ म्हणायचे. तर मी बाबांना विचारलं, “बाबा, रिटायर झाल्यावर तुम्हाला काय आणू? रेडिओ? सायकल?”

बाबा म्हणाले, “मला एक रात्र झोपायचंय.”

“म्हणजे?”

“भोंग्याशिवाय. आपसूक जाग येईल तेव्हा उठायचं. कसं वाटतं ते बघायचंय रे एकदा.”

बत्तीस वर्षं माणूस उठला तो दुसऱ्याच्या शिट्टीवर, आणि मागतो काय तर एक झोप! मी तिथल्या तिथे शब्द दिला, की मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्हाला भोंगा ऐकू येणार नाही अशा ठिकाणी झोपवतो.

जागा सुचवली विलासने. विलास माझा जुना मित्र, बदलापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेत कामाला. तो म्हणाला, बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक सरकारी तळं आहे. मे महिन्यात पाणी आटून मध्ये गोळा होतं आणि चारी बाजूला नुसती कोरडी, भेगाळलेली माती उरते. झाड नाही, झुडूप नाही, माणूस नाही. वाळवंटच म्हण ना. “तिथे जायचं आणि पडायचं,” विलास म्हणाला.

“कुणाला विचारायचं?”

“कुणाला म्हणजे? म्हशींना?”

“विलास, जागा सरकारी आहे. उद्या कुणी उठवलं तर? बाबांची झोपमोड झाली तर?”

विलासने कपाळाला हात लावला. पण मी पावती! मी ऐकतो होय?

आई म्हणाली, “घरात झोपायला काय झालं? तळ्यावर निजायला आपण काय बदकं आहोत?” तिचंही मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून मी सरकारी कचेरीत गेलो. कचेरीबाहेर गुलमोहराखाली एक म्हातारे सिंधी काका टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांना मी मजकूर सांगितला. तो मजकूर मला अजून पाठ आहे, आणि का पाठ आहे ते पुढे कळेलच.

‘महोदय, माझे वडील बत्तीस वर्षे कारखान्यात इमाने इतबारे सेवा करून निवृत्त होत आहेत. त्यांना आजवर भोंग्याशिवाय झोप मिळालेली नाही. तरी त्यांना तळ्याकाठच्या सरकारी जमिनीवर एक रात्र झोपण्यास जागा मिळावी, ही नम्र विनंती. सोबत नकाशा.’

काकांनी टाइप करता करता चष्मा काढून डोळे पुसले. “क्या लिखवाया है साईं! मेरा बाप याद आ गया.” मग कागद माझ्या हातात ठेवून म्हणाले, “नीचे सही करो, और वो सरकारी तिकीट चिपकाओ. त्याशिवाय अर्ज घेत नाय.”

मी काय म्हणालो असेन? “काका, मी ऑफिसात काम करतो. मला शिकवू नका.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो, तुम्ही विसरू नका.

आत कारकुनाने मान वर न करता दोन्ही प्रतींवर गोल निळा ‘आवक’ शिक्का ठोकला आणि एक प्रत माझ्या अंगावर फेकली. झालं! शिक्का पडला म्हणजे परवानगी मिळाली, असं मी धरून चाललो. बाहेर येऊन काकांना कागद दाखवला. काकांनी तो उलटसुलट पाहिला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. “इतने जल्दी?” त्यांनी विचारलं. “मजकूर चांगला होता ना,” मी म्हणालो आणि कॉलर नीट केली. जाता जाता दिसलं, की काका कार्बनखालची तिसरी प्रत घडी घालून खिशात ठेवतायत. आठवण म्हणून ठेवत असतील, असं वाटून मला भरूनच आलं.

आता कामाला लागलो. नकाशात जागा दाखवली होती, ती प्रत्यक्षात नको दिसायला? रविवारी विलासला घेऊन तळ्यावर गेलो. सोबत सुतळी, चार खुंट्या आणि घर रंगवून उरलेला बादलीभर चुना. पंधरा फूट बाय बारा फूट असा झकास चौकोन आखला. बाबांचं अंथरूण इथे, आईची चूल तिथे, पाण्याचा हंडा त्या कोपऱ्यात. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पाटी केली आणि तिच्यावर लिहिलं, ‘जागा क्र. १. अर्ज दाखल.’

“एक नंबर कशाला?” विलासने विचारलं. “दोन नंबर कुठाय?”

“नंबर असावा,” मी म्हणालो. स्टोअरमध्ये मी केरसुणीलासुद्धा नंबर दिला होता.

तेवढ्यात म्हशी घेऊन गावातला एक मामा आला. थांबला. चुन्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं.

“काय मापताय रं पोरांनो?”

“जागा मामा.”

“कुनाची?”

“सरकारी.”

“मंग? घेतली का काय तुमी?”

“घेतली नाही हो, मागितलीय. रीतसर! शिक्का पडलाय!” असं म्हणून मी त्यालाही कागद दाखवला. मामाने म्हशी वळवल्या, आणि पाण्यावर न नेता थेट गावाकडे नेल्या. तहानलेल्या म्हशी माघारी का नेतोय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

तुम्ही जर आमच्या त्या पट्ट्यात राहिला असाल, तर एव्हाना हसायला लागला असाल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर! इथल्या माणसाला सरकारी जमीन, चुन्याची रेघ आणि शिक्क्याचा कागद हे तिन्ही एकदम दिसलं की तो दुसरं काही विचारत नाही. घरी जातो आणि सुतळी शोधतो.

तंबू मला शिवून दिला गोपालने. गोपाल माझा शाळेतला दोस्त, उल्हासनगरच्या कॅम्प तीनला त्याचा जीन्स शिवायचा कारखाना. उरलेलं कापड जोडून त्याने निळा तंबू बनवला. पण त्याच्या कारागिरांना जीन्स सोडून काही येत नव्हतं. त्यामुळे तंबूला मागे दोन खिसे आले, वर पट्ट्यासाठी लूप आले आणि दाराला पितळी चेन आली. वजन एवढं, की रिक्षावाल्याने त्याला चौथी सवारी धरली. गोपालने मोबदला म्हणून काही घेतलं नाही. फक्त अर्ज मागून घेतला आणि दोनदा वाचला. “पक्या, बापासाठी ना?” एवढंच म्हणाला.

बुधवारी दाढी करायला न्हाव्याकडे बसलो होतो. तो साबण लावता लावता कानाशी येऊन म्हणाला, “साहेब, फॉर्म भरला का? तळ्यावर प्लॉट निघालेत.”

“कसले प्लॉट?”

“राहायचे! रिटायर माणसांच्या नावाने. गुलमोहराखालचे काका फॉर्म देतात. आज लाइन होती तिथे.” त्याने आरशामागून घडी केलेला कागद काढला. मी वाचला. ‘माझे वडील बत्तीस वर्षे कारखान्यात इमाने इतबारे...’

माझाच अर्ज! शब्दन् शब्द!

“अरे, पण यात एक रात्र झोपायला जागा मागितलीय!”

“तेच की साहेब. सरकारकडे डायरेक्ट घर मागतात काय? आधी झोपायला मागायचं. माणूस घर घेतो कशाला? झोपायलाच ना?”

आता बघा, इथे मी तोंड उघडायला हवं होतं. ‘बाबांनो, हे सगळं माझ्यामुळे झालंय, प्लॉट वगैरे काही नाही’ एवढं बोललो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तेवढ्यात न्हावी म्हणाला, “मजकूर लिहिणारा कोण आहे कुणास ठाऊक, पण एक नंबर माणूस! आमची ही वाचून रडली.”

आणि मी, तोंडाला साबण लावलेला मी, काय बोललो? “हो का? कुठल्या वाक्याला रडल्या?”

माणसाला स्तुती ऐकू आली की दुसरं काही ऐकू येत नाही हेच खरं. मनात म्हटलं, गावगप्पा आहेत, शनिवारपर्यंत विरून जातील.

शनिवार उजाडला. बाबांनी धुतलेला लेंगा-सदरा घातला, खिशात सवयीने मोजपट्टी ठेवली. आईने नाही नाही म्हणत भाकऱ्या, सुका बोंबील आणि कांदे बांधून घेतले. विलास, मी आणि तो तंबू. उन्हं कलल्यावर आम्ही टेकाड चढून वर आलो. मी बाबांना म्हणालो, “आता डोळे मिटा. मी सांगेन तेव्हा उघडा. अशी शांतता तुम्ही कधी बघितली नसेल.”

बाबांनी डोळे मिटले. मी पुढे बघितलं, आणि मला वाटलं आपणही मिटावेत.

तळ्याच्या काठाने चुन्याचे चौकोनच चौकोन! पन्नास तरी असतील, साठही असतील. प्रत्येक चौकोनात सुतळी, पाटी, स्टोव्ह, हंडा, रडणारं पोर. कुठे रेडिओ चालू, कुठे पापड भाजतायत. आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात मधोमध, अंथरुणावर, एकेक म्हातारा!

का? अहो, अर्जात ‘वडील’ लिहिलं होतं ना! तपासणीला साहेब आला तर वडील दाखवायला नकोत? म्हणून ज्याने त्याने आपापला बाप उचलून आणला होता. ज्यांना बाप नव्हता त्यांनी चुलते आणले, सासरे आणले, शेजारचे आजोबा आणले.

“उघडू का?” बाबांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत कुणीतरी ओरडलं, “एक नंबरवाले आले!” आणि टाळ्या सुरू झाल्या. आमचा चौकोन जसाच्या तसा राखलेला होता. बाकी सगळे चौकोन त्याच्यापासून मोजत गेले होते. शेजारी दोन नंबरला गोपाल, एकटाच. मला बघून त्याने नजर पायाकडे नेली.

“गोपाल, तू? अरे, तुझे वडील जाऊन दहा वर्षं झाली!”

“फॉर्म अच्छा था यार,” तो म्हणाला. “पढ के लगा, पप्पा होते तो उनको भी सुलाता कहीं. मग भरला.”

मी बाबांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. शिक्का, चुना, न्हावी, सगळं. म्हणालो, “बाबा, चला परत. मी शब्द दिला होता आणि मीच माती केली.”

बाबांनी सगळीकडे नजर फिरवली. “तो बघ, आमच्या खात्यातला शिंदे. जयभीम, शिंदे! तूपण आलास व्हय? आणि तो क्रेनवाला!” बाबांनी चप्पल काढली आणि चौकोनात शिरले ते घरात शिरावं तसे.

मग काय विचारता! सात नंबरची रेघ आठ नंबरात वीतभर घुसली म्हणून भांडण चाललं होतं. बाबांनी खिशातून मोजपट्टी काढली. बत्तीस वर्षं मशीनचे सूत-सूत मोजणारा माणूस! त्यांनी दोन्हीकडून मापलं, रेघ पायाने पुसली, नवी मारली आणि म्हणाले, “आता जेवा.” ती दोन्ही घरं गपचूप जेवायला बसली. कारखान्यात बाबांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी साठ घरं ‘एक नंबरच्या बाबांना विचारा’ म्हणत आमच्याकडे येत होती. आईने कमरेला पदर खोचून सगळ्यांना बोंबील वाटले आणि बदल्यात सिंधी कढी, पापड, लोणचं गोळा केलं. मी त्यांना दोघांना एवढं खूश क्वचितच पाहिलं असेल.

रात्री मात्र मी तंबूत तळमळत होतो. रेडिओ, पोरं, खोकणारे साठ म्हातारे! बाबांनी चष्मा काढला, तंबूच्या मागच्या खिशात ठेवला, कूस बदलली आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेलेलं. मी जी शांतता आणायला निघालो होतो, तिच्यात बिचाऱ्यांचा डोळासुद्धा लागला नसता. एवढी साधी गोष्ट मुलगा असून मला माहीत नव्हती.

सकाळी उन्हं वर आली. भोंगा नाही. बाबा अजून झोपलेलेच होते, आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात काठावरचे रेडिओ एकदम बंद झाले. तलाठी आला होता. सोबत कोतवाल, आणि कोतवालाच्या डोक्यावर अर्जांचा गठ्ठा.

“भाऊसाहेब आले, भाऊसाहेब आले,” म्हणत सगळ्यांनी आपापल्या बापांना उठवून बसवलं.

तलाठ्याने गठ्ठा सोडला आणि मोठ्याने वाचायला लागला. “माझे वडील बत्तीस वर्षे कारखान्यात. माझे वडील बत्तीस वर्षे कारखान्यात. माझे वडील... अहो, सगळ्यांचे बत्तीसच? आणि हे कोण? तुमचे वडील तर किराणा दुकानदार आहेत!”

“भोंगा तिथेपण ऐकू येतो भाऊसाहेब,” दुकानदार म्हणाला.

लोक हसले, पण जीव टांगणीला लागलेले होते. तलाठी एका दगडावर बसला, त्याने चष्मा पुसला. “हे बघा. प्लॉट-बिट काही नाही. कुणी सांगितलं तुम्हाला? अर्जात मागणी काय? एक रात्र झोपण्यास जागा. झोपलात?”

“झोपलो,” लोक म्हणाले.

“मग मागणी मंजूर! रात्र संपली, अर्ज निकाली. दुपारपर्यंत जागा मोकळी करा.” आणि तो एकेका अर्जावर सही ठोकत सुटला. लोक आधी हिरमुसले. मग कुणाला तरी हसू फुटलं, आणि हसत हसत स्टोव्ह पेटायला लागले. दोन नंबरला तलाठी थांबला. “यांचे वडील कुठायत?”

गोपालचं तोंड पडलं. मग त्याने सरळ आमच्या तंबूकडे बोट केलं. आतून घोरणं येत होतं. “ते काय भाऊसाहेब. मेरे बाबा. सोये हैं.”

तलाठ्याने सही केली. बाबांची झोप गोपालच्या अर्जावर कायदेशीर झाली.

मग तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “आणि हे एक नंबर?”

मी छाती काढून शिक्क्याची प्रत पुढे केली. “मूळ अर्जदार मीच, भाऊसाहेब.” बाजूला न्हावी उभा होता, त्याने ऐकावं म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो.

तलाठ्याने गठ्ठ्याच्या तळातून माझा अर्ज काढला. आडवा-उभा पाहिला. “सही कुठाय?”

मी पाहिलं. सही नव्हती.

“तिकीट?”

तिकीटही नव्हतं. चिठ्ठीवर सही नसेल तर खिळा न देणारा मी!

“साठ जणांनी अर्ज केला, साठही बरोबर आहेत,” तलाठी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “या तळ्यावर काल रात्री बिनपरवाना झोपलेला माणूस एकच. हा!”

“झोपलो नाही हो भाऊसाहेब,” मी म्हणालो, “डोळा लागेल तर शपथ!”

शिक्षा म्हणून त्याने मला सगळ्या रेघा पुसायला लावल्या. साठ चौकोन! विलास पोट धरून हसत होता, आई गोपालच्या चौकोनात चहा पीत होती, आणि मी बाभळीचा फाटा घेऊन भर उन्हात चुना झाडत फिरत होतो. शेवटी एक नंबरच्या रेघेपाशी आलो. फाटा दोनदा खरकन ओढला तोच तंबूची पितळी चेन हातभर उघडली. आतून बाबांचं डोकं बाहेर आलं, डोळे मिटलेलेच.

“हळू झाड ना रे पक्या,” बाबा म्हणाले. “मंजुरीची झोप आहे माझी.”